मामंजींच्या आधी जेवणारी पाखरं

मामंजी धारहून आमच्याकडे देवासला राहायला आले ते गुढीपाडव्याला. सामान थोडं होतं. एक पिशवी, औषधांचा डबा, पाण्याचा त्यांचा पेला आणि एक अट. अट त्यांनी चपला काढता काढताच सांगून टाकली.

"सूनबाई, आखातीजेपर्यंत राहून पाहतो. इथे पाखरं जेवली तर राहीन. नाही जेवली तर मी आपला धारला परत."

मी म्हटलं, "जेवतील की मामंजी, न जेवायला काय झालं?" पाखरांच्या वतीने अक्षय्य तृतीयेपर्यंतचा, महिनाभराचा शब्द देणारी मी कोण, हा विचार तेव्हा मनाला शिवलाही नाही.

आमच्या घरात सासऱ्यांना मामंजी आणि सासूबाईंना आत्याबाई म्हणायची जुनी रीत अजून आहे. या अटीमागे आत्याबाई होत्या. मामंजी सरकारी शाळेत मास्तर. अमझेरा, सरदारपूर, धामनोद आणि शेवटी धार अशा त्यांच्या बदल्या झाल्या. प्रत्येक गावात आत्याबाईंचा एक नेम ठरलेला होता. स्वयंपाक झाला की पाखरांसाठी एक मूठ काढून ठेवायची, आणि एखाद्या तरी पाखरानं तिच्यात चोच घातल्याशिवाय पानावर बसायचं नाही. मामंजी जन्मभर त्यांची थट्टा करत आले. "तुझी पाखरं रजेवर गेली तर उपाशी मरशील." आत्याबाई म्हणायच्या, "ती मास्तर नाहीत रजा घ्यायला."

आत्याबाई गेल्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मामंजींनी मुकाट्यानं तो नेम स्वतः उचलला. कुणी काही विचारलं नाही. विचारायची छाती नव्हती.

त्यानंतर ते धारच्या घरी एकटेच राहत होते. यंदाच्या थंडीत मोरीत पाय घसरला, आणि दूधवाला येईपर्यंत दोन तास तसेच पडून राहिले. हाड मोडलं नाही, पण ऐकूनच आमचं काळीज मोडलं. महिनाभर विनवण्या केल्या, तेव्हा कुठे ते यायला तयार झाले, तेही अटीवर. म्हणजे माझ्या अंगणात पाखरू जेवलं नाही, तर हा पंच्याऐंशीचा माणूस पुन्हा त्या एकट्या घरात आणि त्याच मोरीत जाणार होता. मी मनात म्हटलं, जाऊ देणार नाही. चोचीएवढ्या गोष्टीसाठी तर नाहीच नाही.

आता माझं पाखरांबद्दलचं ज्ञान सांगते. आयुष्यात मी पाखरांकडे नीट पाहिलं होतं ते फक्त गच्चीवर पापड वाळत घालताना, आणि तेही हातात काठी घेऊन.

अंगण मात्र माझं बघण्यासारखं. एक पेरू, एक कडुनिंब, तुळस, आणि खाली सारवल्यासारखी गुळगुळीत जमीन. सकाळी एकदा झाडायचं, दुपारी एकदा झाडायचं, आठवड्यातून दोनदा फिनाईलचं पाणी शिंपडायचं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. कचरागाडीवाला एकदा सगळ्या गल्लीसमोर म्हणाला होता, "भाभीजी, आपके यहाँ तो पत्ता भी पूछ के गिरता है." ते वाक्य मी माहेरी फोन करून सांगितलं होतं.

तर पाडव्याला मी चकचकीत स्टीलच्या ताटलीत श्रीखंड, पुरी आणि वरणभात असा थाटाचा घास कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. मामंजींनी अकराला मधुमेहाची गोळी घेतली. गोळीनंतर अर्ध्या तासात जेवलंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलेलं. साडेअकरा झाले. बारा झाले. ताटली उन्हात तळपत होती. तिच्याकडे बघून माझेच डोळे दिपत होते, पाखरांचं काय झालं असेल!

"वाढायला घेऊ का, मामंजी?"

"पाखरू आलं का?"

"नाही अजून. मग गोळी तरी उद्यापासून मागाहून घ्या ना."

"गोळीची वेळ अकरा. पाखरांची वेळही अकरा. इतकी वर्षं तीच आहे."

शेवटी शेजारचं मांजर आलं आणि श्रीखंड चाटून गेलं. मामंजी म्हणाले, "हिला पंख फुटले तर मोजू." सव्वा वाजता हे, म्हणजे माझे यजमान, बापासमोर हात जोडून उभे राहिले, तेव्हा मामंजी सणाच्या दिवसाचा मान म्हणून जेवले. पुरी तोडताना त्यांचे हात असे थरथरत होते की घास दोनदा खाली पडला. ते थरथरणारे हात बघितले आणि मी तेव्हाच पदर खोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दाण्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "कौन सी चिड़िया के लिए, भाभीजी?"

"साधी."

"साधी मतलब?"

"साधी म्हणजे... उड़नेवाली."

त्यानं आत वळून हाक दिली, "अरे भिया, भाभीजी को उड़नेवाली का दाना दे दो." दुकानातली चार माणसं हसली. मीही हसले, न हसून काय करणार? बाजरी, ज्वारी, राळे यांचा मिसळलेला दाणा घेऊन आले आणि भिंतीवर, गच्चीवर, फाटकाच्या खांबांवर अक्षता उधळाव्यात तसा उधळला.

आली. पाखरं आली! कबुतरं आली. पहिल्या दिवशी सहा, तिसऱ्या दिवशी मोजता येईनात इतकी. बाजरी संपवून गुटर्रगूं करत तिथेच बसून राहायची. भाताच्या मुठीकडे मात्र एकानंही मान वळवून पाहिलं नाही. मी मामंजींना म्हटलं, "ही पाखरंच की!"

मामंजी म्हणाले, "सूनबाई, हे भाडेकरू आहेत. आणि घासाला चोच कुठे लावली?"

चौथ्या दिवशी शेजारच्या भाभी दारात उभ्या. त्या अस्सल माळवी, मनानं प्रेमळ, पण आवाज थेट देवीच्या टेकडीवर ऐकू जाईल असा. हातात पापडांचं सूप.

"भाभी, यो कई लगा रख्यो हे? थारा कबूतर ने म्हारा पापड़ पे कई कर्यो, देखो!"

बघितलं. बघण्यासारखं नव्हतं. मी दोन किलो उडदाचे पापड लाटून देण्याचं कबूल केलं, उरलेला दाणा डब्यात भरला आणि पुढचे चार दिवस स्वतःच काठी घेऊन कबुतरं हाकलली. म्हणजे आधी आमंत्रण देऊन बोलावलं आणि मग काठीनं निरोप दिला. यांनी तेवढ्यात एक टांगता प्लास्टिकचा दाणापात्राचा मनोरा मागवून पेरूला बांधला. त्यात एक खार शिरली आणि तिथेच संसार थाटून बसली.

पापड लाटताना भाभींना खरी गोष्ट सांगितली. त्या एकदम विरघळल्या. "अरे, तो पहले बोलना था ना! मालवा की चिड़िया हे, भाभी. सेव डालो, सेव."

मला ते इतकं पटलं की आधी कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. आमच्याकडे पोह्यांवर शेव, वरणभातावर शेव, भाजी नसली तर शेवेचीच भाजी. पाहुणा आला की आधी शेव पुढे येते, पाणी मागाहून. मग पाखरू काय परमुलखातलं आहे?

दुसऱ्या दिवशी भाताच्या मुठीत मी झणझणीत लवंगी शेव चुरून कालवली. दहा मिनिटांत एक साळुंकी भिंतीवर उतरली. पिवळी चोच, पिवळे पाय, ऐटीत दोन पावलं चालली, ताटलीत वाकली आणि खाल्लं तिनं! मी स्वयंपाकघरातून ओरडले, "मामंजी, जेवली!" ते काठी टेकत खिडकीशी आले, डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि पानावर बसले. त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. साडेअकरा वाजता. हात अजिबात थरथरले नाहीत.

असे चार दिवस गेले. मी हवेत होते. शेव घातल्याचं मामंजींना सांगितलं नव्हतं. लपवलं असंही नाही, नुसतं सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरात बायका या दोन गोष्टींत जितका फरक करतात तितकाच.

पाचव्या दिवशी मामंजी खिडकीशी जरा जास्त वेळ उभे राहिले. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालंय, पण मास्तरांचा एक डोळा पुरतो.

"सूनबाई, ही साळुंकी भात खाते आहे की भातातून काही निवडते आहे?"

मी फोडणीत चमचा फिरवत राहिले.

"आणि जेवून झाल्यावर रोज त्या नळाखाली चोच वासून का बसते?"

मी बाहेर जाऊन पाहिलं. भात तसाच होता. एक एक शीत बाजूला सारून तिनं फक्त शेव उचलली होती, आणि आता थेंब थेंब गळणाऱ्या नळाखाली चोच उघडी ठेवून ती धापा टाकत होती. चैत्राचं ऊन, त्यात मीठ आणि लाल तिखट. मी घाईघाईनं मातीच्या पसरट परळात पाणी ओतून ठेवलं. आत येऊन सगळं कबूल केलं.

मामंजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. इतकंच म्हणाले, "मला वेळेवर जेवायला मिळावं म्हणून तुम्ही तिला तहान लावलीत." आणि त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत पाणी पिऊन बसून राहिले.

आखातीजेला चौदा दिवस उरले होते. मामंजींनी धारच्या शेजाऱ्यांना फोन करून घर उघडून वारं खेळवायला सांगितलं. मी तो फोन ऐकला. रडू आलं, पण रडण्याआधी राग आला आणि तो मला जास्त उपयोगी पडतो. ठरवलं, आता कुणाला विचारायचं नाही आणि फसवायचं तर मुळीच नाही. पाखरांनाच विचारायचं. भाजी निवडायची परात घेतली, अंगणात स्टूल टाकलं आणि सकाळी आठ ते अकरा नुसती बघत बसले. तीन दिवस. मेथी इतकी बारीक निवडली गेली की हे म्हणाले, "हिचा पाला आहे की पूड?"

तीन दिवसांत कळलं ते असं. पाखरं नव्हती असं नाहीच. शेजारी एक रिकामा प्लॉट आहे, मालक परगावी. तिथे निंबाच्या पानांचा घोट्याएवढा थर साचलेला. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तिथे सातभाई यायचे. आठ-नऊ मातकट, विस्कटलेली पाखरं, लग्नघरातल्या मावशांसारखी सगळी एकदम बोलणारी. चोचीनं पान उलटायचं, खालचा किडा उचलायचा, शेजारणीशी भांडायचं, पुढचं पान उलटायचं. मग सगळी आमच्या भिंतीवर येऊन बसायची, खाली माझ्या लखलखीत अंगणाकडे बघायची आणि उडून जायची. आपण स्टँडवरच्या बंद हॉटेलकडे बघतो ना, अगदी तसं.

मेथीची काडी हातातच राहिली. मी रोज दोनदा झाडून पानं उचलत होते, आणि पानांबरोबर त्यांचं सगळं ताट. वर फिनाईल. ज्या अंगणाचा मला गर्व होता त्यात पाखरांच्या तोंडात घालावी अशी मुंगीसुद्धा नव्हती. आणि त्या पुसून काढलेल्या अंगणाच्या भिंतीवर मी श्रीखंडाची ताटली ठेवून म्हणत होते, या, जेवा.

संध्याकाळी मामंजींना विचारलं, "आत्याबाई मूठ ठेवायच्या त्यात काय असायचं हो?"

"मी पेपर वाचत असे," एवढंच ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "सूनबाई, नुसता भात. वरणाच्या, तुपाच्या, मिठाच्या आधीचा. मी एकदा टोकलं होतं, असला सपक कोण खाईल म्हणून. म्हणाली, देवाच्या नैवेद्याला मीठ वाढत नाही, तर पाखरांना कशाला? आणि ठेवायची खाली जमिनीवर, झाडाच्या मुळाशी." मग म्हणाले, "ती गेल्यापासून मी मीठ घातलेलाच ठेवत आलो. धारची पाखरं सवयीनं येत असतील. नाहीतर माझ्यावर दया करून."

त्या दिवसापासून मी झाडू माळ्यावर टाकला. लिहायला सोपं आहे. पहिल्या दिवशी निंबाची मूठभर पानं पडली आणि माझे हात शिवशिवायला लागले. पण नुसती पडतील तेवढ्या पानांनी काय होणार, दिवस थोडे. म्हणून टोपली घेऊन रिकाम्या प्लॉटवर गेले आणि तिथली जुनी, खाली ओलसर झालेली पानं किड्यामुंग्यांसकट भरून आणायला लागले. जन्मभर कचरा घरातून बाहेर नेला, आता बाहेरून घरात. तिसऱ्या टोपलीला कचरागाडी आली. गाडीवाल्यानं आधी टोपलीकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"भाभीजी... कचरा इधर देना होता है."

"माहीत आहे, भैया."

"तबीयत तो ठीक है ना?"

भाभींनी गच्चीवरून विचारलं, घरात काही वाईट तर नाही ना झालं, चार दिवसांपासून झाडू फिरला नाही म्हणून. रविवारी यांना लाज वाटली आणि हे स्वतः झाडू काढून अंगणात उतरले. मी जाऊन दांडा धरला. "एक पान हललं तर आज स्वयंपाक नाही." पेरूवरची खार मध्येच थांबून आमच्याकडे बघत होती. रोज संध्याकाळी मी पानांवर पाणी शिंपडायची. खाली मातीला वास यायला लागला. मग वाळवी, गोगलगायी, नावं माहीत नसलेले वळवळणारे जीव. दर सकाळी मी पान उचलून बघायची आणि किडा दिसला की असा आनंद व्हायचा की कुणाला सांगायची सोय नाही.

मामंजी अजूनही अकराला गोळी घेत होते. एक-दीड वाजता, पाखराविना, यांच्या विनवण्यांनी जेवत होते. आखातीजेच्या आदल्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. धोतरं, औषधं, शेवटी पेला. सकाळी पाणी प्यायला तो पुन्हा बाहेर काढावा लागला, तेव्हा जरा ओशाळले.

आखातीजेला आम्ही आत्याबाईंच्या नावानं पाण्याचा घट दिला. मातीचा नवा घट, वर आंबा. जेवणात पन्हं, आमरस, कुरडया. दोनच्या बसनं हे मामंजींना धारला सोडून येणार, असं ठरलं होतं. अकराला मामंजींनी गोळी घेतली. मी मातीच्या परळात नुसता कोमट भात घेतला, पेरूच्या मुळाशी ठेवला, शेजारी पाणी ठेवलं आणि आत येऊन खिडकीशी उभी राहिले. मामंजी पाटावर, हे दारात, पिशवी दाराशी.

सव्वाअकराला भिंतीवर एक सातभाई आला. मग दुसरा. मग सगळी फौज. खाली पाहिलं, एकमेकांशी वादावादी केली आणि एक उतरला. पानांवर. मग सगळेच उतरले. माझ्या अंगणात, माझ्या कचऱ्यात, पान उलट, किडा उचल, ओरड, पुढचं पान. एक परळाच्या काठावर चढला. त्यानं भाताकडे एक डोळा तिरका करून पाहिलं, उडी मारून खाली उतरला आणि परळाखालची अळी ओढून काढली.

पंधरा मिनिटं ते जेवत होते. भाताच्या एका शितालाही कुणी हात लावला नाही, म्हणजे चोच.

"सूनबाई, काय झालं?" आतून मामंजींचा आवाज आला. खिडकीपर्यंत यायचं त्राण नसावं, किंवा धीर.

मला नुसतं 'जेवलं' म्हणता आलं असतं. ते बघायला उठणार नव्हते. शब्द ओठांपर्यंत आलासुद्धा. मग ती नळाखाली चोच वासून बसलेली साळुंकी आठवली.

"मामंजी, पाखरं आलीत. नऊ आहेत. पण भाताला चोच लावली नाही कुणी. पानांखालचे किडे खातायत."

हे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी स्वतःच पिशवी उचलून बसमध्ये ठेवली होती.

"किडे कुठले?" मामंजींनी विचारलं.

"आपल्या अंगणातले."

"पानं?"

"अर्धी आपल्या झाडांची. अर्धी मी प्लॉटवरून आणलेली."

"ते पाहत होतो मी. टोपल्या. पोटभर खातायत का?"

"भांडून भांडून खातायत."

मग पाट सरकल्याचा आवाज आला. ते काठी टेकत खिडकीशी आले, चांगला डोळा बारीक करून कितीतरी वेळ बघत राहिले. बाहेर एकानं दुसऱ्याच्या तोंडचा किडा पळवला आणि मोठा कल्लोळ झाला. मामंजींच्या मिशा हलल्या.

"तुमच्या सासूबाई भात ठेवायच्या कारण त्यांच्याकडे भात होता," ते म्हणाले. "पाहुण्यानं आपल्या दारात खाल्लं म्हणजे झालं. काय खायचं ते त्याचं त्यानं ठरवावं."

परत जाऊन पाटावर बसले. मी पळत जाऊन ताट घेतलं. साडेअकराला चार मिनिटं कमी होती.

"वाढा," मामंजी म्हणाले. "माझ्या भाताला मीठ घाला. आणि ती पिशवी दारातून उचला आधी, कुणीतरी अडखळून पडेल."